जड चाप

अडचण दूर करणें म्हणजेच सुधारणा, ही समजूत इतकी रुळली आहे कीं तिला पुरावा मागण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. दार अडतें, रंधा मारा. कुलूप फिरत नाहीं, तेल घाला. नियम नडतो, काढून टाका. पहिल्या दोन गोष्टी आणि तिसरी गोष्ट एकाच जातीच्या आहेत काय, हा प्रश्न आम्ही एका लहानशा यंत्राच्या आधारें वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. तें यंत्र म्हणजे जुनें अर्धस्वयंचलित पिस्तूल, आणि ती अडचण म्हणजे त्याचा जड चाप.

उदाहरणादाखल 'ब्राउनिंग हाय-पॉवर' हें पिस्तूल घेऊं. त्याची मूळ कल्पना अमेरिकन शोधक जॉन ब्राउनिंग याची. १९२६ सालीं बेल्जममध्यें लिएज येथें तो वारला. तेव्हां अपुरें राहिलेलें काम द्यूदोने सेव्ह यानें पुरें केलें, आणि १९३५ पासून हें पिस्तूल प्रचारांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत तें दोन्ही पक्षांच्या हातीं होतें : जर्मनांनीं व्यापलेल्या बेल्जममध्येंही तें तयार होई आणि दोस्तांसाठीं कॅनडांतील टोरोंटो शहरींही. पुढें आपल्या देशांतही इशापूरच्या रायफल कारखान्यांत सैन्यासाठीं त्याचीच आवृत्ति निघूं लागली. इतक्या हातांतून फिरलेल्या ह्या हत्याराविषयीं त्याच्या चाहत्यांची एक तक्रार मात्र कायम राहिली. ती म्हणजे, चाप ओढावयास जड व खरखरीत आहे.

हा जडपणा कोठून येतो? चाप ओढला कीं एक दांडी वर उचलली जाते. ती एका तरफेस ढकलते. ती तरफ घोडा अडवून धरणारी खीळ सोडविते, आणि मग घोडा पुढें आदळून काडतूस पेटतें. निरोप्यांची ही सांखळी मुळांतच लांब. तींत आणखी एका भागाची भर पडली आहे. चापाला जोडलेला एक लहान दट्ट्या काडतुसांच्या पेटीच्या पुढल्या अंगास टेकलेला असतो. पेटी बाहेर काढतांच तो मागें सरकतो, दांडी जागची हलते आणि चाप कितीही ओढला तरी बार उडत नाहीं. पेटी काढली म्हणजे पिस्तूल रिकामें झालें असें माणसास वाटतें; परंतु एक काडतूस नळींत राहून गेलेलें असूं शकतें. 'रिकाम्या' हत्यारानें घडणाऱ्या अनर्थांचें हें नेहमींचें मूळ आहे, आणि त्यावरच ही योजना आहे. तिचें मोल इतकेंच कीं, पेटी आंत असतां दट्ट्या तिच्यावर घासत राहतो व बोटाला ओझें वाढतें. म्हणून कित्येक मालक तो भागच काढून टाकतात. चाप हलका होतो. मालक संतुष्ट होतो.

आमच्या मतें जडपणाचीं येथें तीन कुळें दिसतात. पहिलें दुर्लक्षाचें : वाळलेलें तेल, गंज, धातूचा खडबडीतपणा. तें राखण्यांत कसलेंही पुण्य नाहीं. साफसफाई करणें हेंच कर्तव्य. दुसरें सामर्थ्याचें : घोड्यामागची कमान बळकट, म्हणून चाप जड. कमान नरम करावी तर आघातही नरम होतो आणि ऐन वेळीं काडतूस पेटत नाहीं. खीळ व घोडा यांची पकड फार झिजवावी तर पिस्तूल नुसतें हातांतून पडतांच बार उडण्याचें भय. तिसरें कूळ दूरदृष्टीचें. दट्ट्या हा त्यांतला. गंमत ही कीं, बोटाला तिन्ही सारखींच लागतात. बोटास वजन कळतें, कारण कळत नाहीं. आणि आपल्या बहुतेक सुधारणा बोटाच्या साक्षीवरच होतात.

यावर एक आक्षेप येईल, व तो हलका नाहीं. जो जडपणा नेम चुकवितो त्यास सुरक्षितता कसें म्हणावें? न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं नजरचुकीनें गोळी सुटूं नये म्हणून आपल्या पिस्तुलांचे चाप मुद्दाम जड, सुमारें १२ पौंडांचे, ठेविले होते. २४ ऑगस्ट १९१२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २४ ऑगस्ट २०१२ रोजीं, तेथील एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळ दोघां पोलिसांनीं एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या, आणि रस्त्यावरचे नऊ निरपराध लोक पोलिसांच्या गोळ्यांनीं व त्यांच्या तुकड्यांनीं जखमी झाले. दोष सर्वस्वीं चापाचा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जड चापानें हात हलतो व नेम ढळतो, ही टीका तेव्हां झाली ती निराधार नव्हती. हाय-पॉवरच्या दट्ट्याविषयींही असें म्हणतां येतें कीं, घोडा उतरविण्यासाठीं चाप ओढावयाचा तर पेटी पुन्हा आंत घालावी लागते. म्हणजे सावधगिरीची योजनाच पेटी हत्याराशीं जोडावयास लाविते. तेव्हां अडचण म्हणजे सद्गुण, हें म्हणणें अडचण म्हणजे दोष ह्या म्हणण्याइतकेंच आंधळें ठरतें.

मग निवाडा कसा करावा? आम्हांस वाटतें, सुधारणेचें सुख कोणास आणि तिची जोखीम कोणावर, हें आधीं पाहावें. चाप हलका झाल्याचें सुख मालकाच्या बोटास. पण चुकलेली गोळी बहुधा दुसऱ्याच्याच अंगावर जाते. शिवाय पिस्तूल मालकाहून दीर्घायुषी असतें. दट्ट्या काढला आहे हें ज्ञान त्याच्या डोक्यांत असतें, पिस्तुलावर लिहिलेलें नसतें. तो गेल्यावर तें मुलाच्या किंवा परक्याच्या हातीं जाईल. पेटी काढली कीं चाप मुका होतो असें शिकलेला तो माणूस जुन्या घाटावर विश्वास ठेवील. हत्याराचा घाट हें पुढच्या हाताला दिलेलें एक वचन असतें. गुपचूप केलेली सुधारणा तें वचन मोडते आणि मोडल्याची खूणही ठेवीत नाहीं.

जुन्या हाय-पॉवरचें उत्पादन २०१८ सालीं थांबलें, आणि २०२२ सालीं एफ्. एन्. कारखान्यानें त्याचें नवें रूप काढलें तेव्हां हा दट्ट्या वगळला. यावरून काढून टाकणारे प्रथमपासून बरोबर होते असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारखान्यानें बदल केला तो उघड, नव्या घाटांत. घेणारास काय घेतों तें कळूं शकतें. खाजगी बदलांत जुनाच मुखवटा राहतो. दोहोंत भाग एकच गेला, पण नीतीच्या दृष्टीनें कृत्यें दोन झालीं.

दट्ट्याचें व पेटीचें अंग घांसून गुळगुळीत करणें हा एक मधला मार्ग कुशल कारागिरांस ठाऊक आहे : योजना राहते, खरखर कमी होते. त्याला श्रम अधिक पडतात आणि लाभ थोडा होतो. म्हणून तो लोकप्रिय नाहीं. कायदा, रूढि, घरची शिस्त ह्यांतील जड चाप हलके करावयास निघालेल्यांनींही तो आठवावा. प्रथम गंज खरवडून काढावा. मग उरलेलें वजन कशाचें आहे तें पाहावें. आणि एखादा भाग काढावाच लागला तर तो उघडपणें, पुढच्या माणसास सांगून काढावा.