प्रकाशाची साक्ष

बोटाला लावलेल्या चिमट्याने वा मनगटावरच्या घड्याळाने, त्वचेला यत्किंचितही इजा न करता, रक्तातील प्राणवायूचा जो आकडा आपल्यापुढे ठेवावा, त्याला प्रत्यक्ष ज्ञान म्हणावे की अनुमान, हा प्रश्न वरवर पाहता तार्किकांच्या फुरसतीचा वाटला, तरी ज्याच्या उपचारांचा निवाडा त्या आकड्यावर व्हायचा आहे, त्याच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा आहे.

उपकरणाची कैफियत तपासली असता असे आढळते की, त्याला प्राणवायू कधीच दिसत नाही; दिसतो तो केवळ प्रकाश, सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते व अवरक्त अधिक, प्राणवायुरहित हिमोग्लोबिन याच्या उलट. आणि स्पंदनागणिक मुख्यतः धमनीतील रक्तच कमीजास्त होत असल्यामुळे मांस, अस्थी, त्वचा यांचे स्थिर शोषण वजा घालता येते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली हे तत्त्व मांडले, आणि ज्या स्पंदनाला मोजमापातील उपद्रव समजून ते प्रथम हटवू पाहत होते, तेच त्यांना साक्षीदार म्हणून लाभले.

तथापि या दोन शोषणांच्या गुणोत्तरावरून टक्केवारी सांगणारे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांच्या धमनीतले रक्त काढूनच सिद्ध करावे लागते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत गुणोत्तर हा हेतू, प्राणवायूचे प्रमाण हे साध्य, आणि ते कोष्टक ही व्याप्ती, म्हणजे हेतू व साध्य यांना जोडणारा नियम. पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांची हमी कोण देणार, असे विचारून चार्वाकांनी अनुमानच नाकारले. न्यायशास्त्राच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, मात्र उपाधी, म्हणजे व्याप्तीआड दडलेली अट, शोधण्याचा मार्ग दाखविला. अग्नी तेथे धूर असेलच असे नाही, कारण ओल्या इंधनाचा संयोग ही तेथे उपाधी असते. आपल्या कोष्टकामागेही अशा अटी दडलेल्या आहेत. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन या उपकरणाला प्राणवायूयुक्तच भासते, म्हणून आगीच्या धुरात गुदमरलेल्या मनुष्याबद्दलही ते खुशाल क्षेमाचा दाखला देते. त्वचेचा वर्ण हीदेखील अशीच एक उपाधी. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांच्या प्राणवायूची घट गोऱ्या रुग्णांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा उपकरणाच्या दृष्टीतून निसटल्याचे दिसून आले.

एवढ्यावरून चार्वाकांच्या पंक्तीला बसून उपकरण फेकून देणे अविवेकाचे होईल, कारण अनेकांना जेव्हा धापही लागत नाही तेव्हा हाच आकडा धोक्याची सूचना देतो. परंतु व्याप्ती ही आकाशातून उतरत नाही, ती कोणाच्या तरी देहांवरून रचलेली असते. ज्यांचे देह त्या रचनेत पुरेसे मोजले गेले नाहीत, त्यांना त्याच निश्चयाने बांधणे हा तर्कदोष तर खराच, पण तितकाच अन्यायही. म्हणून धाप लागलेला मनुष्य आपली व्यथा सांगत असताना केवळ आकडा चांगला आहे एवढ्याच आधारावर त्याला परत पाठविण्याचा अधिकार कोणत्याही वैद्याला नाही.