अवघड कोणासाठी?

1993 सालच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात ड्रम कोअर इंटरनॅशनलची अंतिम फेरी झाली आणि ‘स्टार ऑफ इंडियाना’ हे पथक एका दशांश गुणाने दुसरे आले. पहिले आले ‘कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटी’. त्या वर्षी स्टारने बार्बर आणि बार्टोक यांचे संगीत निवडले होते. ते विसंवादी होते, कोरडे होते, मध्येच अगदी हळू होत जाणारे होते. वाजवणारी मुले सैनिकांसारखी ताठ न चालता नर्तकांसारखी शरीर वळवत होती. त्या मोसमात काही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. स्टारने त्यानंतर स्पर्धाच सोडली. त्याच मंडळींमधून पुढे ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला आणि 2001 मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. तीस वर्षे उलटून गेली तरी तो एक दशांश बरोबर होता की चूक, यावर ड्रम कोअरवाले अजून हातघाईवर येतात.

बाहेरच्या माणसाला यात एवढे काय, असे वाटेल. ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि निशाणे-रायफली फिरवणारा कलर गार्ड, असे मिळून दीडशेच्या आसपास तरुणांचे पथक. वयाची मर्यादा बावीस वर्षांच्या आतली. उन्हाळाभर ही मुले बसने देश पालथा घालतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात, दिवसभर उन्हात तालीम करतात आणि रात्री फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम करतात. मोसमभर तोच. त्यासाठी हजारो डॉलर शुल्क भरतात. आणि रोज रात्री त्यांना शंभरपैकी गुण मिळतात. कला आणि स्पर्धा यांची इतकी घट्ट गाठ फार थोड्या ठिकाणी मारलेली असेल. म्हणूनच ‘अवघड म्हणजे काय आणि त्याचे श्रेय कोणाला’ हा प्रश्न इथे जितका उघडावाघडा दिसतो, तितका नाटकाच्या किंवा गाण्याच्या स्पर्धेत दिसत नाही.

या पथकांचा उगम माजी सैनिकांच्या संघटनांत आहे. अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स यांच्या स्पर्धांत ती वाढली. परीक्षणही लष्करी तपासणीच्या धर्तीचे होते. मैदानात परीक्षक वही घेऊन फिरायचा आणि चूक दिसली की खूण करायचा. खांदा वाकडा, काठी उशिरा पडली, सूर फाटला, प्रत्येक खुणेला एक दशांश कापायचा. या खुणेलाच ‘टिक’ म्हणत. पथकांनी 1971 मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संघटना काढली, 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली अजिंक्यपद स्पर्धा घेतली, तरी टिक काही वर्षे टिकून राहिली. 1984 च्या मोसमापासून ती गेली. तेव्हापासून परीक्षक शून्यातून गुण चढवत जातो.

टिक जाण्याचे दुःख करणारे आजही भेटतात. निदान ते परीक्षण प्रामाणिक होते, असे ते म्हणतात. चूक झाली की झाली, त्यात आवडीनिवडीला जागा नव्हती. मला हे पटत नाही. चुका मोजणारी पद्धत न करण्याला बक्षीस देते. जे वाजवलेच नाही ते चुकत नाही. मग शहाणा शिक्षक अवघड जागा गाळतो, लय उतरवतो, रांगा सरळ ठेवतो, कारण सरळ रांगेत पुढे चालणे सोपे असते. या जोखडाखालीही 1983 मध्ये जॉर्ज झिंगाली यांनी गारफील्ड कॅडेट्ससाठी एका बाजूला कललेल्या, वाहत्या, मध्येच विरघळणाऱ्या आकृत्या आखल्या आणि ते पथक जिंकले, हे खरे. पण ते जिंकले ते पद्धतीमुळे नव्हे. पुढची दोन वर्षेही तेच पथक पहिले आले, आणि तोवर सगळ्यांनाच वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे कळले होते.

आताची विभागणी अशी: एकूण परिणामाला 40 गुण, दृश्याला 30, संगीताला 30. परीक्षकांच्या कागदावर ढोबळमानाने दोन रकाने असतात, काय सादर केले आणि कसे सादर केले. ऐकायला हे फार न्याय्य वाटते. अवघड काम दिले त्याचे गुण एका बाजूला, ते निभावले त्याचे गुण दुसऱ्या बाजूला. प्रत्यक्षात हे दोन आकडे बहुधा एकमेकांना चिकटूनच असतात, कारण जे नीट वाजले नाही त्यात काय होते हे परीक्षकाला कळणार तरी कसे? आणि जे कमालीच्या सफाईने वाजले ते सोपेच वाटते. अवघडपणा निभावला गेला की अदृश्य होतो. या स्पर्धेची खरी अडचण इथे आहे, आणि कागदावर आणखी दोन रकाने वाढवून ती सुटणारी नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. चालत्या तालवाद्यांत पाच बास ड्रम असतात, प्रत्येक वेगळ्या आकाराचा, वेगळ्या सुराचा, प्रत्येकाचा वादक वेगळा. त्यांना अनेकदा एकच ओळ वाटून दिलेली असते. लय मिनिटाला 180 मात्रांची आणि चाल चौगुनीची असेल, तर सेकंदाला बारा आघात होतात. त्यातला एक या मुलाचा, पुढचा शेजारच्या मुलीचा, त्यानंतरचा तिसऱ्याचा. प्रत्येकाला आपला आघात सेकंदाच्या बाराव्या भागात बरोबर बसवायचा असतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र एकाच माणसाने पाच ड्रमवरून हात फिरवल्यासारखे वाटले पाहिजे. आपल्या आघाताची वाट पाहत बसले तर तो हमखास उशिरा पडतो. म्हणून पाचही जण सगळी ओळ मनात म्हणत असतात आणि त्यातला आपला तेवढाच आघात हाताने मारतात. हे सगळे चालता चालता. पाच यार्डांत आठ पावले हे त्यांचे नेहमीचे माप, म्हणजे पाऊल साधारण 57 सेंटिमीटरचे. आकृती मोठी असेल तर पाऊल 75 सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि त्या लयीत सेकंदाला तीन पावले पडतात.

याहून अवघड गोष्ट तर स्वरलिपीत कुठेच लिहिलेली नसते. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मैदान 91 मीटर लांब आणि सुमारे 49 मीटर रुंद. मागे उभ्या असलेल्या ड्रमचा आवाज तीस मीटर पुढच्या मुलापर्यंत पोहोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो, म्हणजे वर सांगितलेल्या लयीत एका आघाताएवढा वेळ. दीडशे जण विखुरलेले असताना सगळ्यांनी ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभे राहून हाताने लय देणाऱ्याच्या, हाताकडे पाहून वाजवले, तर प्रेक्षकांच्या कानावर चिखल पडेल. म्हणून नियम असा की मागच्या तालवाद्यांनी हात पाहायचा आणि पुढच्यांनी मागून येणारा आवाज ऐकायचा. अगदी पुढे, मैदानाच्या कडेला थांबलेल्या मारिंबा-व्हायब्राफोनवाल्यांना तर डोळ्यांवर भरवसाच ठेवता येत नाही. समोर हात दिसत असताना त्याकडे काणाडोळा करून मागच्या ड्रमवर विश्वास टाकायचा. आता संगीत अगदी साधे, शाळेच्या बँडला झेपेल असे घ्या आणि वाजवणाऱ्यांना मैदानभर पसरवा. कागदावर ते सोपे दिसेल. मैदानावर ते त्या रात्रीचे सर्वांत अवघड काम असेल.

म्हणून ‘हल्ली संगीत सोपे झाले, पूर्वी बघा कसे वाजवत’ ही तक्रार मला अर्धीच पटते. तक्रार करणारे स्वर मोजतात, आघात मोजतात. ते मोजणे मला टिक मोजण्याइतकेच तोकडे वाटते. तक्रारीची पटणारी बाजू वेगळी आहे. 2004 पासून ध्वनिवर्धकांना आणि 2009 पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली. मैदानावर उतरत्या फळ्या, पायऱ्या, मोठमोठी बांधकामे आली. त्यातून सुंदर कामेही झाली. 2016 मध्ये ब्लूकोट्सने ‘डाउन साइड अप’मध्ये मैदानाची पातळीच बदलून टाकली आणि त्या पथकाला पहिले विजेतेपद मिळाले. मला तो कार्यक्रम मनापासून आवडतो. पण एक प्रवृत्ती वाढली हेही दिसते. मुले वाजवताना थांबतात, धावताना वाजवत नाहीत, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत संश्लेषकाचा घनगंभीर खर्ज भरलेला असतो. परिणाम भव्य होतो. त्या क्षणी मुले नेमके काय पेलत होती, असे विचारले तर उत्तर बऱ्याचदा कमी भरते.

इथे मी माझी बाजू स्पष्ट मांडतो. टिक गेल्यावर शिस्तीच्या जागी आखणी आली आणि आखणी प्रौढ माणसे करतात. कल्पना त्यांची, संगीताची जुळणी त्यांची, आकृत्या त्यांच्या, वेशभूषा त्यांची. चित्रपट दिग्दर्शक फेडेरिको फेलिनीवर बेतलेल्या ‘फेलिनीएस्क’ने 2014 मध्ये ब्लू डेव्हिल्स या पथकाला 99.65 गुण मिळवून दिले, तोवरचा सर्वांत मोठा आकडा. त्या मुलांची सफाई थक्क करणारी होती, याबद्दल वाद नाही. पण ‘काय’ या रकान्यातला गुण आपण त्यांना देतो तेव्हा तो कोणाच्या खात्यात जमा होतो? आखणाऱ्याच्या सुबुद्धपणाला गुण द्यायला माझी हरकत नाही. ते गुण अवघडपणाचे म्हणून देऊ नयेत, एवढेच. अवघड ते, जे एकोणीस वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसावर, मनगटावर आणि कानावर त्या क्षणी पडते.

मग तक्ता करून टाकावा का? जिम्नॅस्टिक्समध्ये 2006 मध्ये दहापैकी दहाची जुनी पद्धत मोडून काठिण्याचे आणि अंमलबजावणीचे गुण वेगळे केले, प्रत्येक उडीची किंमत ठरली. ड्रम कोअरमध्येही असे व्हावे असे अधूनमधून कोणी सुचवते. मला याची भीती वाटते. तक्ता आला की आखणारे तक्त्यासाठी लिहितील. ड्रमच्या ओळी आघातांनी भरून वाहतील, संगीताला श्वास उरणार नाही, आणि हळू वाजवत मैदान ओलांडण्याची किंमत तक्त्यात कधीच नीट बसणार नाही. 1993 च्या स्टारचे मोठेपण नेमके त्या हळू जागांत होते. पितळी वाद्य जोरात वाजवताना चालणे सोपे. कुजबुजीएवढ्या आवाजात सूर न हलवता चालताना प्रत्येक पाऊल ओठापर्यंत पोहोचते.

माझा भरवसा आकड्यापेक्षा परीक्षकाच्या कानावर आणि जिभेवर आहे. कार्यक्रम चालू असताना परीक्षक बोलत असतो आणि ते ध्वनिमुद्रित होते. नंतर पथकाचे शिक्षक ते ऐकतात, परीक्षकांशी बसून चर्चा करतात आणि कार्यक्रम बदलतात. ऑगस्टमधला शेवट जूनमधल्या शेवटापेक्षा वेगळा असू शकतो. पुस्तक छापून झाल्यावर समीक्षकाचे म्हणणे हाती येते. इथे ते काम चालू असतानाच येते. ड्रमच्या रांगेजवळ उभा असलेला परीक्षक ‘तिसऱ्या बासचा हात मागे पडतोय, पण ओळ धाडसी आहे, सोडू नका’ असे बोलू शकतो. त्या वाक्यात अवघडपणाची जाण आणि त्याचे श्रेय दोन्ही असतात. 97.3 अशा नुसत्या आकड्यात दोन्ही नसतात. परीक्षकाला मैदानाबाहेरच ठेवावे, धडका होतात, असे म्हणणारे आहेत. सुरक्षितता मलाही हवी. पण तो जितका दूर जाईल तितका तो आखणीच बघणार, कारण उंचावरून दिसते ती आखणीच.

आकडा मुळात निकष सांगतो की क्रम, हेही एकदा ठरवायला हवे. पुण्यात 2022 साली पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या पात्रतेची नाही, असे सांगून करंडक कोणालाच दिला नाही. केवढे वादळ उठले! निर्णय कोणाला पटो न पटो, स्पर्धेतल्या क्रमापलीकडे एक पातळी असते असे परीक्षकांनी त्यातून सांगितले होते. ड्रम कोअरच्या गुणपत्रिकेत पातळ्यांचे वर्णन असते, पण आकडे चालतात क्रमाच्या हिशोबाने. जूनमध्ये साठ-सत्तरीत असलेले पथक ऑगस्टमध्ये नव्वदीत पोहोचते, आणि शेवटच्या रात्री पहिल्या दोघांना पुरेल एवढीही जागा शंभराच्या खाली उरत नाही. मग 2008 सारखा निकाल लागतो. ब्लूमिंग्टनला फँटम रेजिमेंट हे पथक ‘स्पार्टाकस’ घेऊन 98.125 वर आणि ब्लू डेव्हिल्स 98.100 वर. रेजिमेंट जिंकले याचा मला आनंदच आहे, त्या कार्यक्रमाने अख्खे स्टेडियम उभे केले होते. पण शंभरातल्या एका गुणाचा चाळिसावा भाग कोणत्याही माणसाचा कान ओळखू शकत नाही. तो दोन परीक्षकांच्या आकड्यांची सरासरी काढताना कागदावर तयार होतो.

1996, 1999 आणि 2000 या तीन वर्षी विजेतेपद विभागून दिले गेले, आणि त्या पथकांचे काही बिघडले नाही. अर्ध्या गुणाच्या आतले अंतर बरोबरीचे धरावे, असे मला वाटते. आणि परीक्षकांची ध्वनिमुद्रणे मोसम संपल्यावर सर्वांसाठी खुली करावीत. आज ती बहुतेक शिक्षकांपुरतीच राहतात. शुल्क भरून उन्हाळाभर घाम गाळणाऱ्या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना ती ऐकता आली, तर पुढच्या वेळी त्यांचे कान तिसऱ्या बासकडे आपोआप वळतील.