आधी पाणी मागा

पाळकसाहेब रविवारी देवळात सांगतात, आतिथ्य करा. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात ते आहेच. इब्रीकरांस पत्रात तर पाहुणा म्हणून देवदूत घरात येऊन गेल्याची गोष्ट काढलीय. ठीक. पण आतिथ्य करायचं कुणी, आणि कुणाचं? घर लागतं, पीठ लागतं, हे खरं. त्याच्याही आधी तुमच्या हातचं खाणारा माणूस लागतो. माझ्या आज्याच्या घरी कधीमधी पीठ असायचं. खाणारा गावात नव्हता.

गावानं आम्हाला दिलं नाही असं नाही. शिळी भाकर दिली, वरून टाकली. आमच्या हातचं मात्र कधी मागितलं नाही. नुसत्या देण्यानं काही मोडत नाही दोस्तहो, देणाऱ्याचा हात वरच राहतो. मोडतं ते घेतल्यानं.

म्हणून योहानाचा चौथा अध्याय मी फिरून फिरून वाचतो. भर दुपार, सुखार गावाजवळची याकोबाची विहीर. येशू चालून दमलेला, जवळ पोहरा नाही. एक शोमरोनी बाई येते. यहुदी आणि शोमरोनी यांचा व्यवहार बंद. आणि हा तिच्याकडं पाणी मागतो! बाई चाट पडते. पुढं जिवंत पाण्याचं मोठं बोलणं आहे, पाळकसाहेब त्यावरच तासभर बोलतात. मी त्या मागण्यापाशीच अडकतो. त्यानं आधी दिलं नाही. आधी मागितलं. तेवढ्यानं ती बाई यजमानीण झाली.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आणि आपल्या लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यालं. तो हक्क होता, तो लढून घेता आला. पण माझ्या माठातलं पाणी दुसऱ्यानं प्यावं म्हणून मी कसला सत्याग्रह करू? कायदा पाणवठा उघडतो. कुणाच्या घशात पाणी ओतत नाही.

सूतगिरणीत माझ्या शेजारच्या मशीनवर एक दोस्त आहे. वरच्या जातीचा, मनानं चांगला. रातपाळीला त्याच्या डब्यातलं थालीपीठ मला दिल्याशिवाय खात नाही. माझा डबा पुढं केला की त्याचं पोट भरलेलं असतं. तीन वर्षं रोज भरलेलं. भांडू तरी कसा? तो तर देणारा.

पण बोट एकाच बाजूला दाखवून चालायचं नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, आमचं घर पुढं कधीतरी महारवाड्यातून ख्रिस्ती झालं. गेल्या नाताळात मांगवाड्यातलं एक ख्रिस्ती कुटुंब आमच्याकडं आलं. देवळात आमच्याच बाकावर बसणारी माणसं. आईनं करंज्या दिल्या, चहा दिला, मायेनं दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून ताट आलं. आई म्हणाली, देव बरं करो. ताट संध्याकाळपर्यंत झाकलेलंच. मग शेळीपुढं. मी बघितलं. मीही खाल्लं नव्हतं. रातपाळीची झोप, असं काहीतरी म्हणालो होतो. माझंही पोट भरलेलंच.

अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसायचा. याकोबाकडची माणसं आली तसा मागं सरला. एवढा प्रेषित, पण भ्याला कुणाला? आपल्याच माणसांना. आमची आईसुद्धा गावाला भीत नाही, भावकीला भिते. पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं, गलतीकरांस पत्रात ते आहे. मला आईला सुनावणं जमलं नाही. कवितेत मी लई बोलतो.

मागच्या रविवारी देवळातून परस्पर मांगवाड्यात गेलो. दारात उभं राहून म्हणालो, मावशी, पाणी द्या प्यायला. ती माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली ती लवकर आलीच नाही. मी उन्हात उभा. आतून तांब्या घासल्याचा आवाज येत होता.