बोरच्या हद्दीपलीकडे

वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्पाचे मूळ क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटर. १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेले हे जंगल देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. एवढ्याशा रानात मोजकेच वाघ मावतात. इथे वाढलेल्या पिल्लांना वयात आल्यावर हद्द ओलांडावीच लागते. बोरचे खरे मोल त्याच्या जागेत आहे. पश्चिमेला मेळघाट, ईशान्येला पेंच, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला आणि त्यापुढे ताडोबा अशा मोठ्या जंगलांच्या मधला तो विसावा आहे.

विसाव्यापर्यंतची वाट मात्र सलग जंगलाची नाही. कपाशी-तुरीची शेते, कारंजा-आष्टीच्या संत्र्याच्या बागा, प्रादेशिक वनविभागाची राने, महसूल खात्याच्या नोंदीतले झुडपी जंगल असे तिचे तुकडे आहेत. पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हे वनच मानावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. वाघ रात्रीत पार करतो त्या पट्ट्यावर अनेक खात्यांचा अंमल चालतो. प्रत्येक खाते आपापला तुकडा सांभाळते. तुकड्यांमधल्या फटी कोणाच्याच नसतात.

२०१७ साली याची किंमत दोनदा मोजावी लागली. ब्रह्मपुरी परिसरात माणसे मारली गेल्यानंतर पकडलेली एक तरुण वाघीण जुलैअखेर रेडिओ कॉलर लावून बोरमध्ये सोडण्यात आली. ती तिथे थांबली नाही. कारंजा, आष्टी आणि अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरून ती अडीच महिने फिरत राहिली. या काळात पुन्हा माणसे दगावली, तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यातील सिंदीविहिरी शिवारात रानडुकरांसाठी लावलेल्या जिवंत तारेचा धक्का बसून ती मेली. कॉलरमुळे तिचा माग वनविभागाला लागत होता. शेतात त्या रात्री करंट सोडला आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच डिसेंबरात बोरचा प्रसिद्ध नर वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला.

दोन्ही मृत्यू प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचे. हद्दीबाहेरचा हा धोका ओळखून मध्य भारतातील संरक्षण संस्थांनी त्याच्या कितीतरी आधीच एकेका अभयारण्यापुरते काम करण्याऐवजी भूप्रदेश वाटून घ्यायला सुरुवात केली होती. ‘सातपुडा लँडस्केप टायगर पार्टनरशिप’ हा त्यातला महत्त्वाचा प्रयोग. बॉर्न फ्री फाउंडेशनच्या पाठबळावर सातपुडा फाउंडेशन, अमरावतीची नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी, चंद्रपूरची ‘ट्रॅक्ट’ आणि कॉर्बेट फाउंडेशन या संस्था तीत एकत्र आल्या. कोणी गावांमध्ये शिक्षण आणि आरोग्याचे काम धरले, कोणी संघर्ष हाताळला, कोणी कायद्याची लढाई. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर ॲनिमल्सच्या करुणाश्रमात जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात. हेही या साखळीतले काम आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

एकत्र येण्याचे सर्वांत ठोस फळ दिसते ते पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गावर. स्वयंसेवी संस्थांनी न्यायालयात धरलेला आग्रह, भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आखलेल्या जागा आणि महामार्ग प्राधिकरणाचा खर्च यांतून तिथे प्राण्यांसाठी भुयारी मार्ग झाले. त्यातला एक ७५० मीटर लांबीचा आहे. २०१९ मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ वन्यजाती त्यांखालून जाताना टिपल्या गेल्या. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या आराखड्यात प्राण्यांचे मार्ग आधीपासूनच आले.

शेताच्या बांधावर मात्र काम अवघडच आहे. रोही आणि डुकरे एका रात्रीत हरभरा लोळवतात. महिनोन्‌महिने जागल करून थकलेला शेतकरी तारेत थेट वीज सोडतो. याउलट कुंपणाला जोडलेल्या झटका मशीनचा धक्का प्राण्याला पळवतो, मारत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलाकाठच्या गावांना सौर कुंपण आणि स्वयंपाकाचा गॅस अनुदानावर मिळतो, पण त्याचा लाभ पट्ट्यातल्या दूरच्या गावांपर्यंत पोचणे गरजेचे आहे. आर्वी-कारंजा भागातील गवळाऊ गायी पाळणाऱ्या नंदगवळ्यांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या याच रानात चरतात. गाय मारली गेली की पंचनामा आणि भरपाई लवकर झाली तरच गुराख्याचा वाघावरचा राग निवळतो. आणि जिवंत तारा शोधण्यासाठी वनरक्षक, महावितरणचा लाइनमन आणि गावची समिती यांची रात्रीची संयुक्त गस्त हा इथला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेचा उपाय आहे.

कायद्याचा आधारही या वाटेला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-ओ नुसार एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारी जमीन राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मंजुरीविना घातक वापरासाठी देता येत नाही. २०१४ साली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने देशातील ३२ प्रमुख संचारमार्ग नकाशावर आणले. त्या नकाशावरची बारीक रेघ तेवढीच वाट मानायची, की कॉलर लावलेले वाघ प्रत्यक्ष ज्या शिवारांतून फिरले तीही धरायची, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचला. सिंदीविहिरीसारखी शिवारे संरक्षणात येतील की नाहीत, हे त्यावर अवलंबून आहे.