उठावाचा सूर

गिटार शिकू लागलेल्या मुलांची एक ठाम समजूत असते: गाणं ज्या सुरावरून उठतं, तीच त्याची पट्टी. पहिला सूर तारेवर शोधायचा, त्याच नावाची कॉर्ड धरायची, की झालं. कधी ते जमूनही जातं. ‘जन गण मन’ षड्जावरूनच सुरू होतं. पण वाढदिवसाला जगभर म्हटलं जाणारं गाणं पंचमावरून निघतं, आणि ही युक्ती तिथे पहिल्याच ओळीत तोंडघशी पडते.

समजूत भाबडी असली तरी तिचं कूळ मोठं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात जातींची, म्हणजे रागांच्या पूर्वरूपांची, दहा लक्षणं येतात. गीत ज्या स्वरापासून सुरू होतं तो ग्रह, ज्याचा अंमल सबंध गीतावर चालतो तो अंश, जिथे गीत संपतं तो न्यास. त्यातही जो अंश तोच ग्रह, असं भरत मानतो. म्हणजे सुरुवातीच्या स्वराला तेव्हा खरोखर मान होता. तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त हीच परिभाषा सविस्तर मांडली. पुढे षड्ज अचल झाला, मागे तंबोरा अखंड वाजू लागला आणि ग्रहाचं महत्त्व ओसरलं. अंशाची कामगिरी बरीचशी वादी स्वरानं उचलली. ग्रह आता मुख्यतः संगीत परीक्षांच्या पुस्तकांत भेटतो, तोही व्याख्येपुरता.

हा बदल ऐकायचा तर यमन ऐकावा. गवई मंद्र निषादावरून ‘नि रे ग’ असा उठतो आणि षड्जाला चक्क वगळतो. तंबोरा बंद करून हेच तीन सूर एखाद्या अनोळखी माणसाला ऐकवा. तो निषादालाच ‘सा’ धरून ‘सा, कोमल ग, म’ असं खुशाल ऐकेल. तंबोरा सुरू केला की तोच पहिला सूर षड्जाच्या उंबऱ्यावर येऊन थांबलेला वाटतो. वगळलेला षड्ज मागे सतत वाजतो आहे, म्हणून तर तो वगळण्यात मजा.

युरोपातही विचार असाच सरकत गेला, फक्त वाट वेगळी. अकराव्या शतकात ग्विदो द आरेझ्झो या साधूनं सांगितलं की, चालीचा मोड ओळखायचा तर शेवटचा स्वर पाहा. तिथे मान न्यासाला मिळाला. 1722 मध्ये फ्रेंच संगीतकार रामोनं आपल्या ग्रंथात स्वरमेळाचा पाया कॉर्डच्या मूळ स्वरात शोधला, आणि नजर सुरुवात-शेवटावरून खाली वळली. बेथोव्हनला या खालच्या आधाराचं मोल पुरतं ठाऊक होतं. पाचव्या सिंफनीच्या आरंभी तो तोच काढून घेतो: तीन जी आणि एक ई फ्लॅट, खाली कॉर्ड नाही. सी मायनरमध्ये ते ‘प प प, कोमल ग’. ई फ्लॅट मेजरमध्ये ‘ग ग ग सा’. खालच्या वाद्यांत सी येईपर्यंत निकाल लागत नाही.

कॉर्डचा आधार मात्र तंबोऱ्यासारखा स्थिर नसतो. एकच शुद्ध गंधार लांबवा. खाली ‘सा ग प’ असेल तर तो मधला, ‘ग प नि’ असेल तर मूळ स्वर, ‘ध सा ग’ असेल तर पंचमाच्या जागी, आणि रंग लगेच उदास. सूर तसूभरही हललेला नसतो. म्हणूनच यमनच्या आलापाखाली कीबोर्डवर कॉर्ड बदलत राहणं मला खटकतं. गंधाराचं षड्जाशी असलेलं नातं गायकानं जपायचं आणि साथीदारानं दर मात्रेला ते मोडायचं, हा प्रकार भावगीतात शोभतो, रागात नाही.

तेव्हा गिटार हातात घेतलेल्यांनो, आधी गाणं पूर्ण गुणगुणा. मुखडा जिथे येऊन विसावतो तो सूर बहुतेक वेळा ‘सा’ असतो; तो सापडला की पहिला सूर त्याच्यापासून मोजा आणि मगच कॉर्ड धरा.