साधेपणा कोणाचा?

जुन्या खेड्यातील घराचे वर्णन करू लागलो की आपली लेखणी हळवी होते. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यातील उतरंड, आढ्याला टांगलेले शिंके. एवढ्या मोजक्या वस्तूंत माणसे समाधानाने नांदली, असे आपण म्हणतो आणि सामानाने भरलेल्या आपल्या खोलीकडे अपराधी नजरेने पाहतो. परंतु ज्याला दुसरा मार्गच नव्हता, त्याच्या साधेपणाला सद्गुण म्हणावे काय?

जात्याचेच पाहा. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या लाखावर गेली. त्यांचे माधुर्य कोण नाकारील? मात्र भल्या पहाटे दळायला बसणाऱ्या बाईचे भरून आलेले खांदे त्या माधुर्याच्या हिशेबात आपण धरीत नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा तिने जाते सोडले, आणि तिचे काही चुकले नाही.

विठ्ठलवाडी स्थानकात उतरून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हिंडताना आम्हांला हे अधिकच जाणवते. फाळणीनंतर, १९४७ पासून, सिंधमधून आलेली कुटुंबे येथल्या महायुद्धकालीन लष्करी बराकींत उतरली. एका बराकीत अनेक बिऱ्हाडे. मध्ये भिंतीऐवजी गोणपाट, नाही तर चादर. १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या रितेपणाला साधी राहणी म्हणणे ही क्रूर थट्टाच ठरेल. जमेल तसे लोकांनी खाट घेतली, कपाट घेतले. योग्यच केले.

मग जुन्या घरात गौरवावे असे काहीच नव्हते? होते. आयर्लंडमधील जुन्या शेतकरी घरांत चुलीजवळ एक लाकडी बाक असे. दिवसा त्यावर बसायचे. रात्री तो उघडला की पेटीसारखी शेज तयार होई. दारी आलेल्या फिरस्त्या भिकाऱ्यालाही विस्तवाजवळ निजायला जागा मिळे. आपल्याकडे अशा वेळी ओसरीवर घोंगडी अंथरली जाई, आणि घोंगडी एकच असली तर घरचे पोर आईच्या पदराखाली झोपे. यात रूढीचा थोडा धाक असेलही. तरी नाही म्हणण्याची सोय होती आणि घर नाही म्हणत नसे. दारिद्र्य त्यांच्या वाट्याला आले होते. घोंगडी त्यांनी स्वतः होऊन दिली.

आज त्या बाजारात सोफा-कम-बेड मिळतो. आयरिश बाकाचाच तो भाऊबंद. गिऱ्हाईक तो उघडून पाहते, गादी दाबते, भाव करते. पुष्कळ घरांत पहिल्या आठवड्यानंतर तो पुन्हा उघडलेला आम्ही पाहिलेला नाही.