आजचे चिंतन : फळ वेगळे, अनुबंध वेगळा



आजचा श्लोक गीतेच्या अठराव्या अध्यायातला पंचविसावा. तामस कर्म कोणतं, ते भगवंत इथे सांगतात. ज्यात पुढचा परिणाम (अनुबंध), होणारं नुकसान, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपली कुवत यांचा विचारच नसतो, जे मोहातून सुरू होतं, ते तामस.

आपल्याला मात्र दुसऱ्या अध्यायातलं निष्काम कर्म जास्त पाठ. आयटीत त्याचा सोयीचा अर्थ निघतो, 'माझं टिकेट क्लोज झालं, पुढचं कंपनी बघेल.' पण फळ म्हणजे मला काय मिळणार: रेटिंग, बोनस, प्रमोशन. अनुबंध म्हणजे माझ्या कामाने पुढे कुणाचं काय होणार. भगवंतांनी फळाची आस सोडायला सांगितली, अनुबंधाकडे डोळेझाक करायला नाही. आपण नेमकं उलट करतो.

फेसबुकचंच बघा. २०१७ पासून तिथल्या फीडच्या गणितात इमोजी रिअ‍ॅक्शनला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं, रागावलेल्या चेहऱ्यालाही. म्हणजे लोक चिडले की पोस्ट वर. २०१९ मध्ये कंपनीच्याच डेटा सायंटिस्टांनी दाखवलं की, असा राग ओढणाऱ्या पोस्टमध्ये खोटी माहिती आणि विखार जास्त असण्याची शक्यता असते. तरी रागाचं वजन कमी करत शून्यावर आणायला सप्टेंबर २०२० उजाडला. फ्रान्सेस हॉगेन यांनी कागदपत्रं बाहेर आणली, तेव्हा २०२१ मध्ये हे जगाला कळलं.

अशा ठिकाणी कुणी एक दुष्ट असावा लागत नाही. एकजण वजन ठरवतो, दुसरा कोड लिहितो, तिसरा डॅशबोर्डवरची चढती रेघ दाखवतो. दोष इतक्या जणांत वाटला जातो की कुणालाच आपला वाटा दिसत नाही. मोह तो हाच. आकडा स्वतः वाईट नसतो, पण जे मोजलंच नाही ते तो दाखवणार कसं?

आजची साधना छोटीशी. पुढच्या रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न विचारा, "हा आकडा वाढला, तर त्रास कुणाला होईल?" उत्तर सापडलं तर लेखी मांडा. रेटिंग जाईल अशी भीती वाटेल. ती भीती बाजूला ठेवून बोलणं, हीच फळाची आस सोडणं.

माउली आपल्याला ते बळ देवो.

राम कृष्ण हरी!